५७.३ चा हट्ट सोडा: रसायनशास्त्र अभ्यासमंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
रसायनशास्त्र अभ्यासमंडळ

विषय: बी.एस्सी.च्या उष्मागतिकीचे तास आणि प्रात्यक्षिके यांची सांगड घालण्याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. अभ्यासक्रमाच्या फेरआखणीसाठी मंडळ सूचना मागवत असल्याचं परिपत्रक आलं. एरवी अशा परिपत्रकाला विभागातून दोन ओळींचं उत्तर जातं आणि ते फायलीला लागतं. या वेळी उघड पत्र लिहितोय, कारण यातलं बरंचसं मंडळासाठी असलं तरी काही बाह्य परीक्षकांना आणि माझ्यासारख्या फिजिकल केमिस्ट्री शिकवणाऱ्यांनाही सांगायचं आहे. मी मराठवाड्यात तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, तेव्हा उदाहरणं तिथलीच येतील.

मागणी आधीच सांगून टाकतो. उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता-ऊर्जेच्या देवाणघेवाणीच्या शास्त्राचा, थिअरी पेपर आणि उष्मागतिकीची प्रात्यक्षिकं यांची एकमेकांशी ओळख करून द्या. आज ती नाही. पेपरात जे सिद्ध करायला लावतो ते लॅबमध्ये कुणी वापरत नाही, आणि लॅबमध्ये जे मोजतो त्याबद्दल पेपरात कुणी विचारत नाही. हे मोघम वाटू नये म्हणून एकच प्रयोग घेऊन बोलतो, शीर्षकातला ५७.३ त्यातलाच.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या उदासिनीकरणाची एन्थाल्पी, म्हणजे आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारताना स्थिर दाबाला होणारी उष्णतेची देवाणघेवाण; उष्णता बाहेर पडली की ती ऋण. रसायन घेऊन पदवी घेतलेल्या बहुतेकांनी हा प्रयोग केलेला असतो. अर्धा मोलर आम्ल १०० मिलिलिटर, अर्धा मोलर अल्कली १०० मिलिलिटर, दोन्ही कॅलरीमीटरमध्ये (उष्णता मोजायच्या भांड्यात) एकत्र करायचं आणि तापमान किती चढलं ते बघायचं. उत्तर काय यायला हवं हे मुलांना लॅबमध्ये शिरण्याआधीच ठाऊक असतं: उणे ५७.३ किलोज्यूल प्रति मोल. मग गणित शेवटाकडून सुरू होतं. ५७.३ हवं तर ०.०५ मोलला २८६५ ज्यूल हवेत, २०० ग्रॅम पाणी धरलं तर वाढ ३.४ अंश हवी. म्हणून बॅचमधल्या निम्म्याअधिक जर्नलांत वाढ ३.४. ज्या थर्मामीटरवर एकेका अंशाच्याच खुणा आहेत त्यावर ३.४ वाचणारी ही नजर धन्यच म्हणायची! मुलं याला ‘रीडिंग बसवणं’ म्हणतात.

आणि प्रामाणिकपणे वाचलं तर? त्याच थर्मामीटरवर एक मुलगी तीन अंश वाढ वाचते, तिचं उत्तर ५०.२ येतं. शेजारचा मुलगा चार वाचतो, त्याचं ६६.९. दोघांच्याही हातून काही चुकलेलं नाही, उपकरणाची कुवतच तेवढी आहे. हे दोन आकडे शेजारी-शेजारी फळ्यावर लिहिले, तर मोजमापातली अनिश्चितता म्हणजे काय हे त्या दुपारी वर्गाला कळेल. पण परीक्षेत ‘निकाल’ या रकान्याला वेगळे गुण आहेत, आणि आकडा पुस्तकापासून जितका लांब तितके ते कमी. मुलं हुशार आहेत. गुण कशाला मिळतात ते त्यांना आपल्याआधी कळतं.

आता खुद्द ५७.३ बद्दल. माझ्या आधीच्या पिढीने १३.७ किलोकॅलरी पाठ केलं होतं. एकक बदललं, ४.१८४ ने गुणलं आणि तेच ५७.३ झालं. मूळ आकडा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपचा. कोपनहेगनमध्ये ज्युलियस थॉमसेनसारख्यांनी अशी उष्णता आयुष्यभर चिकाटीने मोजली, ती साधारण १८ अंशांच्या आसपास. त्यांच्या लॅबचं तापमान तेच होतं. आमच्या लॅबमध्ये मार्चच्या दुपारी भिंतीवरचा थर्मामीटर ३५ दाखवतो.

याने फरक पडतो का? पडतो, आणि किती पडतो हे आपणच थिअरीत शिकवतो. किरचॉफचं समीकरण. दरवर्षी ‘सिद्ध करा’ म्हणून येणारा हा प्रश्न मुलं झोपेतही लिहितील. अभिक्रियेची एन्थाल्पी तापमानाबरोबर किती बदलते, ते उत्पादितं आणि अभिकारकं यांच्या उष्माधारकतांच्या (तापमान एका अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेच्या) फरकावरून काढता येतं. कोष्टकात तीन आकडे सापडतात: पाण्याची मोलर उष्माधारकता ७५.३ ज्यूल प्रति केल्विन, हायड्रोजन आयनची शून्य (तसा संकेतच आहे), आणि हायड्रॉक्साइड आयनची उणे १४८.५. इथे एखादी मुलगी हमखास हात वर करते, सर, उष्माधारकता ऋण कशी? त्या प्रश्नावर अर्धा तास गेला तरी माझी तक्रार नाही, कारण आयनाभोवती पाण्याचे रेणू कसे बांधले जातात आणि संकेताने शून्य धरणं म्हणजे काय, हे दोन्ही त्यातूनच निघतं. फरक येतो सुमारे २२४ ज्यूल. म्हणजे तापमान एका अंशाने वाढलं की उदासिनीकरणाची उष्णता ०.२२ किलोज्यूलने उतरते. विरल द्रावणांसाठी २५ अंशांना ती ५५.८ आहे. १८ अंशांना नेऊन बघा, ५७.४ येते, म्हणजे जवळजवळ आपलं पाठांतराचं उत्तर. ३५ अंशांना आणा, येते ५३.६.

थोडक्यात, मार्चमध्ये आमच्या लॅबमध्ये एखाद्याला ५४ आलं, तर त्याने प्रयोग झकास केलेला असण्याची शक्यता आहे. द्रावणं किती तीव्र घेतली त्यानेही एखाद्या किलोज्यूलचा फरक पडतो, तो हिशेबात घ्यावा लागेलच. पण त्याच वेळी ५७.३ दाखवणाऱ्याकडे जरा निरखून बघायला हवं. आपण उलट करतो. पहिल्याचे गुण कापतो, दुसऱ्याला ‘व्हेरी गुड’ लिहितो. आणि त्याच दोघांना थिअरीच्या पेपरात किरचॉफचं समीकरण सिद्ध करायला लावतो.

याच कुळातला दुसरा प्रयोग याहून अवघड जागी नेतो. ॲसेटिक आम्लाच्या आयनीभवनाची, म्हणजे आम्लाचे रेणू आयनांत विभागले जाण्याची, एन्थाल्पी. ॲसेटिक आम्लाच्या उदासिनीकरणाची उष्णता मोजायची, हायड्रोक्लोरिकची मोजायची आणि वजाबाकी करायची. पुस्तकातलं वाक्य असं: आम्ल दुर्बल, आयनीभवनाला ऊर्जा खर्च होते, म्हणून उष्णता कमी मिळते. ॲसेटिक आम्लाच्या आयनीभवनाच्या एन्थाल्पीचं खरं मोजमाप २५ अंशांना सुमारे उणे ०.४ किलोज्यूल प्रति मोल आहे. ऋण! साधारण २२ अंशांच्या खाली ते धन असतं, वर ऋण होतं आणि तापमानाबरोबर आणखी उतरत जातं. म्हणून विरल द्रावणांत ३५ अंशांना ॲसेटिक आम्ल हायड्रोक्लोरिकपेक्षा थोडी जास्तच उष्णता देईल. आता विचार करा, पन्नाशीतले दोन आकडे, प्रत्येकात निदान दीड-दोन किलोज्यूलची अनिश्चितता, आणि त्यांच्या वजाबाकीतून शून्याजवळचा आकडा काढायचा. तो यायचा कसा? येत नाहीच, बसवला जातो, तोही ‘दुर्बल म्हणून कमी’ या वाक्याला साजेसा. हा प्रयोग काढून टाका, असं मी म्हणत नाही. ‘या उपकरणाने हा फरक सांगता येत नाही’ असं उत्तर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळतील, एवढी सोय करा.

थर्मामीटरबद्दल मंडळाने एक ओळ अभ्यासक्रमातच छापावी: दशांश अंशाच्या खुणा असलेला थर्मामीटर आणि थर्मास, प्रत्येक गटाला एक. अभ्यासक्रमात छापलेलं असलं की प्राचार्यांकडे खरेदीची मागणी टिकते. नाहीतर ‘चाललंय ना बीकरमध्ये’ हे उत्तर ठरलेलं. कॅलरीमीटर म्हणून तोंडाला बूच लावलेला साधा थर्मास बीकरपेक्षा कितीतरी बरा. बॉम्ब कॅलरीमीटरचं स्वप्न मी सोडून दिलंय.

तापमान-काळ आलेखही सक्तीचा करा. मिसळण्याआधी पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला वाचन, मिसळल्यावर दहा मिनिटं, मग दोन्ही रेषा मिसळण्याच्या क्षणापर्यंत मागेपुढे वाढवायच्या आणि तिथलं अंतर मोजायचं. यातून मुलांना ज्या गोष्टी दिसतात त्या कुठल्याही तासाला सांगून दिसत नाहीत. पंखा चालू असला की उतरणारी रेषा जास्त तिरपी होते. अल्कली सकाळीच ताजी केलेली असेल, तर तिची बाटली खोलीपेक्षा दोन अंश गरमच असते, कारण सोडियम हायड्रॉक्साइड विरघळतानाही उष्णता निघते. आम्ल आणि अल्कली यांची सुरुवातीची तापमानं वेगळी निघतात आणि मग सरासरी घ्यावी लागते. प्रणाली कुठे संपते, परिसर कुठे सुरू होतो, सीमा किती उष्णता गळू देते, हे पहिल्या तासाला व्याख्या म्हणून लिहून घेतलेलं असतं. खरं तर ते थर्मासच्या बुचापाशी असतं. थर्मास स्वतः किती उष्णता पितो, तेही गरम पाणी ओतून आधी काढून घ्यायला हवं. अभ्यासक्रमात तो प्रयोग आहे, पण एका स्वतंत्र दिवशी, स्वतंत्र उत्तरासह. तिथे काढलेला आकडा पुढच्या आठवड्यात वापरायचा असतो, हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाकडे वळतो. इथे तर लॅब जवळपास गायबच होते. कार्नोचं चक्र, त्याची कार्यक्षमता, क्लॉशियसची असमानता, गिब्ज-हेल्महोल्ट्झ, मॅक्सवेलचे संबंध. फळा भरतो, वह्या भरतात. सहाव्या ओळीवरून सातव्या ओळीवर कसे आलो ते मुलांना येतं, आलो कशासाठी ते येत नाही. एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, एवढं वाक्य पाठ असतं आणि व्हायवात त्याच्या पुढचा प्रश्न विचारला की शांतता.

माझ्यासमोर बसणारी बरीचशी मुलं शेतकऱ्यांच्या घरची आहेत. फवारणीसाठी युरिया पाण्यात कालवला की बादली गार पडते, हे त्यांनी हाताने अनुभवलेलं असतं. चुनकळी विझवताना पाणी खदखदतं, हेही पाहिलेलं असतं. एकात उष्णता शोषली जाते, दुसऱ्यात बाहेर पडते, आणि दोन्ही आपणहून होतात. मग आपणहून होणं कशावर ठरतं? गिब्ज ऊर्जेचा (एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपी दोन्ही जमेस धरणाऱ्या राशीचा) धडा या प्रश्नाने उघडला, तर एन्थाल्पी एकटी पुरत नाही हे सांगावंच लागत नाही, त्यांनीच सांगितलेलं असतं. लॅबमध्ये त्याच आठवड्यात पोटॅशियम नायट्रेट विरघळवावं. १०० मिलिलिटर पाण्यात दहा ग्रॅम टाकलं की तापमान सात-आठ अंशांनी खाली येतं. एवढा मोठा फरक साध्या थर्मामीटरवरही विश्वासाने वाचता येतो.

आणि एक प्रयोग नव्याने घालावा, अशी विनंती आहे. बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. अनेक देशांत पदवीच्या पहिल्या वर्षाला हा प्रयोग करतात, आणि त्याला कॅलरीमीटर लागतच नाही, ब्युरेट पुरते. वेगवेगळ्या तापमानांना बोरॅक्सची संपृक्त (आणखी विरघळणार नाही अशी) द्रावणं करायची, प्रत्येकातून ठरावीक आकारमान काढून हायड्रोक्लोरिक आम्लाने अनुमापन करायचं. एक मोल बोरेटला दोन मोल आम्ल लागतं, त्यावरून विद्राव्यता कळते. विद्राव्यतेच्या घनाला चारने गुणलं की समतोल स्थिरांक. त्याच्या लॉगचा तापमानाच्या व्यस्ताशी आलेख काढला की सरळ रेषा येते: उतारावरून एन्थाल्पी, छेदावरून एन्ट्रॉपी. एन्थाल्पी साधारण ११० किलोज्यूल येते आणि एन्ट्रॉपी तीनशे ज्यूल प्रति केल्विनच्या वर. समतोल स्थिरांक तापमानाबरोबर कसा बदलतो ते सांगणारं व्हॅन्ट हॉफचं समीकरण मुलांच्या हाताखाली, त्यांच्याच आकड्यांतून उभं राहतं. बेन्झोइक आम्लाच्या विद्राव्यतेचा असाच प्रयोग काही अभ्यासक्रमांत आहे, तो वाईट नाही. बोरॅक्समध्ये फरक मोठा दिसतो, म्हणून तो मला जास्त पसंत.

काळजी दोनच गोष्टींची घ्यावी लागते. साठ अंशांच्या आसपास बोरॅक्सचा स्फटिक बदलतो, त्यातलं पाणी कमी होतं, म्हणून पंचावन्नच्या वर जायचं नाही. आणि पिपेट गार असेल तर तिच्या टोकातच बोरॅक्स जमतो, म्हणून ती आधी कोमट पाण्याने धुऊन घ्यायची आणि काढलेलं द्रावण लगेच कोमट पाण्यातच सोडायचं. बॅचचे पाच गट करा, पाच तापमानं वाटून द्या. प्रत्येक गटाचा एकच बिंदू. आलेख सगळ्यांचा मिळून एकच, फळ्यावर. एका गटाचा बिंदू रेषेबाहेर पडला की उरलेले चार गट त्याला सोडत नाहीत, पिपेट कोमट केली होती का, इथपासून चौकशी सुरू होते. जिथे बाकीच्या चारांनी काय मोजलंय ते आधी कळत नाही, तिथे रीडिंग बसवता येत नाही.

याच आकड्यांतून व्हायवाला माझा आवडता प्रश्न निघतो. २५ अंशांना बोरॅक्सचा समतोल स्थिरांक एकापेक्षा बराच कमी, म्हणून प्रमाण अवस्थेतल्या गिब्ज ऊर्जेतला बदल धन, साधारण दहा किलोज्यूल. मग बोरॅक्स विरघळला कसा? प्रमाण अवस्थेतला बदल आणि त्या क्षणीचा बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एम.एस्सी.च्या प्रवेशालाही मुलं इथेच अडखळतात. पुस्तकात दोन्ही चिन्हांत फक्त एका छोट्या शून्याचा फरक असतो, आणि तो डोळ्यांखालून निसटतो. समोर बीकरमध्ये तळाशी न विरघळलेला बोरॅक्स आणि वर संपृक्त द्रावण असताना तो प्रश्न विचारला, तर बोट दाखवून उत्तर देता येतं.

आता तुमच्या हातातल्या गोष्टी. शिक्षकांची पदं रिकामी आहेत, अर्धा विभाग तासिका तत्त्वावर चालतो आणि त्यातले काही जण एका दिवसात दोन कॉलेजं करतात. ते मंडळाच्या अखत्यारीत नाही, मला ठाऊक आहे. नव्या धोरणातली श्रेयांकांची चौकटही वरून आलेली. पण उष्मागतिकीचं थिअरीचं एकक एका सत्रात आणि तिची प्रात्यक्षिकं दुसऱ्या सत्रात टाकणं, हे आपल्याच छपाईत झालं आहे. ते एका सत्रात आणा. प्रात्यक्षिकांची यादी छोटी करा. आठ प्रयोग आठ दुपारी उरकण्यापेक्षा चार प्रयोग करावेत आणि त्यातला एक तीन आठवडे चालावा: पहिल्या आठवड्यात मोजणं, दुसऱ्यात चुका शोधून पुन्हा मोजणं, तिसऱ्यात आलेख आणि चर्चा. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या) फायलीत प्रयोगांची संख्या कमी दिसेल, ती चिंता वाटत असेल तर ती चिंता चुकीच्या जागी आहे.

गुणविभागणीत ‘निकाल’ हा रकाना ठेवायचाच असेल, तर प्रश्नपत्रिकेवर परीक्षेच्या दिवशीचं लॅबचं तापमान लिहा आणि अपेक्षित आकडा त्या तापमानाचा धरा. बाकीचे गुण आलेखाला, अनिश्चिततेच्या अंदाजाला आणि फरकाच्या कारणांना. बाह्य परीक्षकांसाठीच्या सूचनांतही हे छापून द्यावं. परीक्षक बाहेरच्या कॉलेजातून येतो, त्याच्याकडे दिवसाला दोन बॅचेस असतात, आणि हाताशी काही छापील नसेल तर तो ५७.३ शीच ताडून बघणार, त्यात त्याचा फारसा दोष नाही. व्हायवा मराठीतून द्यायची मोकळीकही त्याच सूचनांत स्पष्ट लिहिलेली असावी.

थिअरीच्या पेपरात एक प्रश्न असा असू द्या: ‘३४ अंशांना केलेल्या प्रयोगात एका विद्यार्थिनीला उदासिनीकरणाची एन्थाल्पी उणे ५४ किलोज्यूल मिळाली. पुस्तकात उणे ५७.३ आहे. तिचं मोजमाप योग्य आहे का? किरचॉफच्या समीकरणाने तपासा.’ सिद्धता विचारूच नका असं नाही. पण बारावीच्या भौतिकशास्त्रात कार्याचं चिन्ह एक आणि रसायनशास्त्रात दुसरं, या गोंधळातून आलेल्या मुलाला सूत्र येतं की समजतं, हे अशा प्रश्नातूनच कळेल.

बोरॅक्सच्या प्रयोगाची मार्गदर्शिका, निरीक्षणांचा नमुना तक्ता आणि लागणाऱ्या साहित्याची यादी मंडळाच्या कार्यालयात वेगळी जमा करत आहे. काचसामान बहुतेक कॉलेजांत आहेच, नवे घ्यायचे ते दशांश अंशाचे थर्मामीटर आणि थर्मास. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय आला आणि निर्णय जूनच्या आत झाला, तर सत्र सुरू होण्यापूर्वी खरेदीची मागणी देता येईल. प्रयोग करून दाखवायचा असेल तर आमच्या लॅबचं दार उघडं आहे, फक्त दुपारच्या भारनियमनाची वेळ टाळून या.

कळावे,

आपला,
भौतिक रसायन शिकवणारा एक प्राध्यापक